राशीपुढं विचारलेला प्रश्न

मी तिवई. तीन पाय, वर पाऊल मावेल एवढं फळकूट आणि मधे चढायला एक आडवी पट्टी, एवढाच माझा देह. उंची माणसाच्या छातीइतकी. माझ्यावर उभं राहून, टोपली डोक्याच्या वर धरून, मळलेली ज्वारी हळूहळू वाऱ्यावर सोडतात. दाणे सरळ खाली पडतात, भूस उडून पुढे जातं. त्याला उपणणं म्हणतात. मी त्या कामासाठी जन्मले आणि दुसरं काही करावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सावरखेडीच्या नागनाथ वाढयानं, म्हणजे सुतारानं, मला १९८१ साली घडवलं. सावरखेडी आंध्राच्या हद्दीत, तामसीच्या बाजूला आहे. आदिलाबादची एक बस सकाळी येऊन जाते आणि तीच संध्याकाळी पुन्हा येऊन जाते. नागनाथनं पाय धावड्याचे केले, फळकूट सागाचं. एक पाय त्यानं मुद्दाम चार बोटं आखूड ठेवला, कारण गावाचं खळं माळावर आहे आणि माळाला उतार आहे. सपाट जागी मला ठेवलं की मी कलते. घरी नेऊन बसायला वापरू म्हणणाऱ्यांचा नागनाथनं आधीच बंदोबस्त करून ठेवला होता.

हे खळं कुणा एकाचं नाही. माळ गायरानाचा, सरकारी. ज्यांची शेतं मोठी त्यांची खळी त्यांच्या शेतात. ज्यांची दोन-चार एकरं, किंवा ज्यांनी बटाईनं पेरलेलं, ते सगळे कणसं गाडीत घालून इथं आणतात. इथं वारा लागतो. खाली गावात झाडाचं पान हलत नसेल, तेव्हाही माळावर दुपारी वारा असतो.

माझ्यावर उभी राहायची ती जयवंताबाई. तिला स्वतःचं शेत नाही. सासू बयनाबाई उपणायची, तिचे गुडघे गेले तेव्हा सून माझ्यावर चढली. प्रत्येक राशीमागं सूपभर ज्वारी तिला मिळे. वर्षाची भाकर त्यातून निघायची. ती वाऱ्याला भावजी म्हणायची. वारा पडला की हात कमरेवर ठेवून ओरडायची, "काऊन भावजी, रुसले का?" खाली टोपल्या भरून देणाऱ्या बाया हसायच्या. मूठभर भूस सोडून ते कुठं पडतं हे बघितलं की ती सांगायची, आता घटकाभर बसा, किंवा आता हात उचला. मी तिला चुकताना फार कमी वेळा पाहिलं.

आता खळ्याची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

खळ्याभोवती राखेची रेघ ओढतात. रेघेच्या आत चपला नेत नाहीत. रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि रास उभी असेतो रेघेच्या आत कुणी नाही म्हणत नाही. मडक्यातलं पाणी संपलं तर म्हणायचं, भरून आणतो. भूस संपलं तर म्हणायचं, वाढलं. कुणी मागायला आलं तर ओंजळभर द्यायचंच. आलेल्या लक्ष्मीला नाही हा शब्द ऐकवू नये, एवढंच त्यामागं.

पण या रितीला दुसरी बाजू आहे आणि ती मागणाऱ्यानं पाळायची असते. खळ्यावर मापात मागावं. ओंजळभर मागावं, सूपभर मागावं. बैल मागू नये, पोरगी मागू नये, जमीन मागू नये. समोरचा नाही म्हणू शकत नाही हे ठाऊक असताना मोठं मागणं म्हणजे हात बांधून खिसा कापणं. नार्नूरकडच्या एका पाव्हण्यानं एकदा राशीपुढं साडूची गाय मागितली. गाय मिळाली. पण त्यानंतर त्याला या गावात कुणी पाणी विचारलं नाही.

१९८९ साली माळाच्या वरच्या टोकाला सरकारनं एक लोखंडी खांब उभा केला. त्याच्या शेंड्यावर तीन वाट्या होत्या आणि त्या वाऱ्यानं गरगर फिरत. लोक म्हणाले, सरकारनं फिरकी लावली. महिन्यातून एकदा हैदराबादच्या खात्यातला एक तरुण इंजिनियर बसनं यायचा, खांबाच्या पेटीतले आकडे उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळची बस येईतो माझ्या सावलीत डबा खायचा. माझी सावली ती केवढी, पण माळावर दुसरी नव्हती. सुरुवातीला त्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. जयवंताबाई त्याला हातवारे करून विचारायची, की काय मोजतोस? तो वाट्यांकडे बोट दाखवायचा. ती स्वतःकडे बोट दाखवायची आणि हसायची. दुसऱ्या वर्षी त्याला मोडकंतोडकं मराठी यायला लागलं. माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसानं केलं असतं तर मला एवढा संताप आला नसता.

१९९१ च्या फाल्गुनात कागद आला. माळावर वाऱ्याच्या आठ गिरण्या उभ्या करायच्या. पीठ दळायच्या नव्हे, वीज करायच्या. त्यासाठी गायरानातली तीस एकर लागणार होती. त्या तीस एकरांत खळं होतं. गावाला विचारूनच काम करा असं वरून आलं होतं, म्हणून इंजिनियर आणि मंडळ कार्यालयातले जमीन-महसूल बघणारे गिरदावर साहेब असे दोघं आले आणि पंचायतीच्या खोलीत खुर्च्या टाकून बसले. दवंडी पिटवली. कोणी आलं नाही. सरपंच उद्धवराव तेवढे आले. दुसऱ्या दिवशीही तेच. येणार कोण? कणसं माळावर पडलेली, वारा सुटलेला. असल्या दिवसांत घरचं लगीनसुद्धा कुणी काढत नाही.

तेव्हा इंजिनियर म्हणाला, लोकांना यायला जमत नाही तर आपण त्यांच्याकडे जाऊ. किती चांगला विचार! मला आजही तो चांगलाच वाटतो. त्यांनी चपला रेघेबाहेर काढल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि ते खळ्यात आले. रास उभी होती.

इंजिनियरनं कागदावरचं चित्र दाखवलं. तीन पात्यांचा उंच खांब. तो मनापासून सांगत होता. कोळसा लागत नाही, धूर निघत नाही, वारा फुकटचा आहे, देश पुढे जाईल. लोकांनी ऐकलं. विचारलं काय, तर पातं केवढं असतं, खांब कुठून येणार, गाडी माळावर चढेल का. खळ्याचं काय होणार हे कुणी विचारलं नाही. ते विचारलं की पुढं नाही म्हणावं लागलं असतं.

मग गिरदावर साहेबांनी वही उघडली. कचेरीत निजामाच्या वेळचे शब्द अजून चालतात. हरकतीला ते उजर म्हणतात.

"कोनाला काही उजर?" ते म्हणाले.

कोणी बोललं नाही. त्यांनी एकेकाला नाव घेऊन विचारलं. रामाजी, ज्याची रास उभी होती तो म्हातारा, म्हणाला, बरं हाय. त्याच्या मागचा म्हणाला, देव करील ते होईल. एक जण म्हणाला, भरून हाय. असली उत्तरं. जयवंताबाई माझ्यावरच उभी होती. तिला विचारलं तेव्हा तिनं टोपली खाली दिली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रास उचलू द्या साहेब. मंग सांगीन."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं की बाईनं नाही म्हटलं आहे. त्याहून स्पष्ट खळ्यावर बोलताच येत नाही. पण गिरदावर निर्मलकडचे, शिकलेले, घाटापलीकडून आलेले, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी तिच्याही नावापुढं लिहिलं, उजर नाही. शाईची डबी फिरली. एक्केचाळीस अंगठे उमटले. अंगठा मागितला तर तोही देतात, खळ्यावर मागितलेली वस्तू आहे ती.

उद्धवराव बाजूला उभे होते. त्यांनी सही केली. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. त्यांना सगळं कळत होतं.

चार दिवसांनी ती रास उचलली गेली. मधे एक दिवस खळं रिकामं होतं. त्या दिवशी लोक दुपारी माळावर येऊन बसले, काम नसताना. साहेब येतील, आता विचारतील. संध्याकाळची बस आली आणि गेली. कुणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढची कणसं पसरली.

याला खुळेपणा म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही. या लोकांच्या हिशेबी प्रश्न अजून संपलाच नव्हता. अर्धा विचारून साहेब गेले, उरलेला अर्धा विचारायला येणार. ज्यांना वही मिटली की प्रश्न मिटतो असं वाटतं, ते शहाणे कशावरून?

चैत्रात हद्दीचे दगड आले. चपटे, चुना फासलेले. माणसांनी ते रांगेनं लावत नेले. दोन दगड खळ्याच्या रेघेवर आले, एक बरोबर आत, मेढीपासून चार हातांवर. ज्या खांबाभोवती बैल फिरतात ती ही मेढ. दगडामुळं बैलांचा फेरा अडला.

लोक उद्धवरावांकडे गेले. उद्धवराव आदिलाबादला कचेरीत गेले. तिथं त्यांना कागद दाखवला. एक्केचाळीस अंगठे, खाली त्यांचीच सही. ते परत आले ते घरी न जाता माळावर आले. लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं. तुमचं खळं तुमच्या शेतात हाय, तुमाले का फरक पडते, असंही एकानं म्हटलं. जयवंताबाईनं माझ्यावर उभ्या उभ्याच टोमणा मारला.

"सरपंच, साहेबाले ठाऊक नव्हतं. तुमाले तर ठाऊक होतं."

उद्धवरावांनी राखेच्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाले, "मी बी रेघेच्या आतच उभा होतो ना, बाई."

 रागानं आलेली माणसं पुन्हा कणसांकडे वळली. खरंच होतं ते. पण बाहेर पडून सांगता आलं असतं, चार पावलांवर रेघ होती. ते उद्धवरावांनाही कळत असणार. त्यांना गावात बारा तास वीज हवी होती, आणि हवी असलेली गोष्ट आपणहून येत असताना चार पावलं चालायला माणसाचे पाय जड होतात.

आठवड्यानं इंजिनियर, गिरदावर आणि खड्डे खणणारी माणसं ट्रॅक्टरवर बसून आली. त्या वर्षीची शेवटची रास उभी होती. रामाजीचीच, त्याच्या शेताची दुसरी पट्टी उशिरा निघाली होती. इंजिनियरनं हात जोडले, लोकांनीही जोडले. खणणारा पहार घेऊन पुढं आला. कुणी त्याला थांब म्हणेना. थांब म्हणजे नाहीच ना.

जयवंताबाई माझ्यावरून उतरली. तिनं मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. राखेची रेघ ओलांडली. पुढं गाडीवाट आहे, तिथं गेली आणि मला ठेवलं. तिथं जमीन सपाट. मी कलले. ती चढायला लागली तर पडणार असं दिसलं. तेव्हा उद्धवराव आले. त्यांनी हद्दीचा एक चुन्याचा दगड उपटला, माझ्या आखूड पायाखाली सरकवला आणि मला हलवून पाहिलं. मी पक्की उभी राहिले. 

जयवंताबाई चढली.

"साहेब, इकडं या. आता इचारा."

गिरदावर म्हणाले, "पूछे थे ना, बाई. तुमारा अंगठा है."

"तिथं इचारलं. आता इथं इचारा."

इंजिनियरनं तिच्याकडे पाहिलं, मग खळ्याकडे, मग खळ्यातून एकेक करून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे. तो रेघ ओलांडून आला. त्याच्या मोडक्या मराठीत त्यानं विचारलं, उजर आहे का?

"हाय," ती म्हणाली. मग थांबली. माझ्या फळकुटावर तिनं पाय घट्ट रोवले. दहा वर्षं ती माझ्यावर उभी राहिली होती आणि इतक्या उंचावरून पुढचा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. "नाई. खळ्यावर नाई."

तिच्यामागून रामाजी म्हणाला, नाई. मग बाकीचे. कुणी हळू, कुणी एकदम जोरात. गिरण्याच नकोत असं म्हणणारे पाच-सहाच. बाकीच्यांचं म्हणणं एवढंच, की खळं सोडा. शेवटी सगळे उद्धवरावांकडे बघू लागले.

"मले लाइट पायजे," उद्धवराव म्हणाले. "खोटं कायले बोलू? पन खळ्यावर नाई."

इंजिनियर गाडीवाटेवर खालीच बसला. तो चिडला नव्हता, त्याला लाज वाटत होती असं मला वाटलं. मला आधीच का नाही सांगितलंत, असं तो म्हणाला. महिन्याला येतो, तुमच्यात बसून जेवतो.

"तुमी तरी कवा इचारलं," जयवंताबाई म्हणाली, "का इथं नाई म्हनता येते का?"

त्यानं पिशवीतून कोरा कागद काढला. गिरदावर म्हणू लागले, एका गावाचे दोन कागद कसे होतील, वर काय सांगायचं? इंजिनियर म्हणाला, दोन्ही पाठवू, आणि कोणता कुठं लिहिला तेही लिहू. मग त्यानं पुन्हा सगळ्यांना विचारलं. या वेळी लोकांनी प्रश्नही विचारले. वीज आम्हाला मिळणार का? तो म्हणाला, थेट नाही, मोठ्या लाइनीत जाईल. पातं फिरलं की मागच्या खळ्याचा वारा कमी होतो का? तो म्हणाला, होतो, थोडा. हे त्यानं खरं सांगितलं, म्हणून त्याचं नाव गावात अजून चांगलं आहे. जयवंताबाईनं त्याला वाऱ्याचं सांगितलं. इथला वारा दुपारी चार तासांचा, तोही दोन-अडीच महिने, भुसापुरता. जोराचा वारा पाहिजे तर वरच्या कड्यावर बघा, पण तो पावसाळ्यात, आणि तोही कधी असतो, कधी नसतो. त्यानं ते लिहून घेतलं.

कचेरीत दुसऱ्या कागदावरून बरीच बोलाचाली झाली म्हणे. खळ्याची रीत ही हरकत कशी होऊ शकते, असं एका मोठ्या साहेबांनी विचारलं. पण खड्डा खणला गेला नाही. नकाशात गिरण्या कड्याकडे सरकल्या. पुढं १९९३ साली वाऱ्याचा जोर पुरेसा भरत नाही म्हणून सगळंच बारगळलं आणि फिरकीचा खांबही उतरवून नेला. बाईनं गाडीवाटेवर सांगितलं तेच चार वर्षांच्या आकड्यांनी सांगितलं. मोजू नये असं मी म्हणत नाही. मोजावं. पण जे रोज त्या वाऱ्यात उभे असतात त्यांना पहिल्या दिवशी विचारायला काय हरकत होती?

खळं वाचलं. फार दिवस नाही. १९९५ नंतर ट्रॅक्टरवरचं मळणीयंत्र आलं. ते दाणे आणि भूस स्वतःच वेगळं करतं, वाऱ्याची वाट बघत नाही. ज्वारी कमी झाली, कापूस वाढला. हे मात्र गावानं स्वतः ठरवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जयवंताबाई आता कापूस वेचायला जाते. दोन-तीन घरं अजून सणापुरती ज्वारी हातानं उपणतात, तेव्हा ती मला घेऊन वर जाते.

बाकी वर्षभर मी गाडीवाटेवरच असते. खळ्यावरचं काम झालं की मला पुन्हा तिथंच आणून ठेवतात. बाहेरून कुणी काही विचारायला आलं की लोक त्याला इथं घेऊन येतात. मागच्या वर्षी पाझर तलावाचं आलं. चार शेतं बुडणार होती, त्यात रामाजीचं. बाकीचे तिघे हो म्हणाले, मोबदल्यावर वाद घालून का होईना. रामाजी नाही म्हणाला. कुणी त्याला गावद्रोही म्हटलं नाही. बांध थोडा वळवून घेतला, तलाव लहान झाला, पण झाला. त्या तिघांच्या 'हो'वर कुणाचा संशय नव्हता, कारण चौथा त्यांच्या शेजारीच उभा राहून नाही म्हणाला होता.

आता हे १९९८ साल. माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे. दुसरी तिवई करायला नागनाथ राहिला नाही आणि करायची गरजही नाही. जमिनीवर उभं राहूनही बोलता येतं. तुम्ही, जे उद्या वह्या घेऊन गावोगाव जाल, वाऱ्यासाठी, पाण्यासाठी, रस्त्यासाठी, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मापात मागते. माणसं गप्प बसली तर लगेच लिहू नका. आधी त्यांच्याबरोबर चार पावलं बाहेर चला.